कुठी चालल्या?

आर्णीत पायी चालणं हा व्यायाम नाही, तो एक प्रसंग आहे. तो माणसावर ओढवतो. पेट्रोल संपलेलं असतं, चाक पंक्चर झालेलं असतं, किंवा गाडी मेव्हण्यानं तासाभरासाठी म्हणून नेलेली असते आणि त्याला आता आठवडा होत आलेला असतो. रस्त्यानं धडधाकट माणूस पायी जाताना दिसला की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी येते, मग कुतूहल, आणि मग तो गाडी थांबवतो.

त्यामुळे डॉक्टर मॅडम मला "रोज चालत जा" असं म्हणाल्या, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, संघदीपनं, अगदी स्वाभाविकपणे विचारलं, "कुठं?"

"कुठंच नाही. नुसतं चालायचं."

संघदीप आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतो. इंजिन चालू ठेवायचं आणि गाडी कुठंच न्यायची नाही, या गोष्टीसाठी त्याच्या वर्गात पोरांना ओरडा बसतो.

मला सातवा महिना होता आणि जेवणानंतरची साखर वाढली होती. गरोदरपणात काहींची वाढते, घाबरण्यासारखं नाही, असं मॅडम म्हणाल्या. जेवण सुधारायचं, जेवण झालं की चालायचं, आणि पुढच्या तपासणीत साखर उतरली तर ठीक. नाही उतरली तर इन्सुलिन. म्हणजे सुई. रोज, आणि पोटात. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केलं. ते का केलं, असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी विश्वाच्या नियमांबद्दल बोलते. खरं कारण असं की जीवशास्त्रात सुया असतात.

त्या दिवसांत मी जरा पाण्याखाली असल्यासारखीच होते. कुणी हाक मारली की ती लांबून, विहिरीच्या काठावरून आल्यासारखी यायची. पोटात कुणीतरी कूस बदलायचं आणि मी हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरून त्या हालचालीचा वेग काढत बसायची. अशा अवस्थेत चालणं मला आवडेल, असंच वाटलं होतं. पण ते नुसतं माझ्या हातात, म्हणजे पायात, नव्हतं.

पहिला प्रयोग अंगणात केला. संध्याकाळी लवकर जेवून मी तुळशीएवढ्या आमच्या अंगणात फेऱ्या मारू लागले. शेजारच्या विमलताई भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी सांगितलं की अशा येरझारा घातल्यानं बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते. मी त्यांना समजावलं की मी वळले की बाळही माझ्याबरोबर वळतं आणि नाळही, जीपमधला माणूस आणि त्याची बॅग एकत्रच वळतात तसं. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाल्या, "न् बॅगचा बंद त्याच्या गळ्यात असला तं?"

तोडगा माझ्या सासूबाईंनी, कौसल्याबाईंनी काढला. जेवढ्या सुलट्या मारशील तेवढ्या उलट्याही मार, म्हणजे गुंडाळलेलं सुटेल. मी विज्ञानाची पदवीधर असूनही उलट्या फेऱ्या मारल्या, कारण एकूण चालणं तेवढंच वाढत होतं. पण स्वप्नात असल्यासारखी चालत असल्यानं हिशोब चुकायचा, आणि मग विमलताई भिंतीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "पायलच्या उलट्या बाकी हायेत अजून." दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या गल्लीतून आलं आणि लिंबं येऊ लागली. सातव्या महिन्यातही उलट्या थांबेनात म्हणून लोक हळहळत होते.

आईंबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल इथंच सांगायला हवं. त्यांना स्वतःला साखरेचा आजार माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. गोळी घेतात, चालत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात चालण्यात गेलं, आता पोरगा नोकरीला लागला तर कुठं बसायला मिळालं. बिनकामाचं चालणं हा त्यांना पायांचा अपमान वाटतो. मी चालते याला त्यांचा विरोध नव्हता. त्या फक्त बाजेवर बसून, वाया चाललेल्या विजेकडं बघावं तशा माझ्याकडं बघायच्या.

अंगण सोडून मी रस्त्यावर आले, आणि कोपऱ्यावरच सदाशिवराव भेटले. विमलताईंचे यजमान. कापूस आणि तुरीची शेती, एक जुनी मोटरसायकल, आणि पायी चालणारा माणूस बघवत नाही असं मन. मागच्या पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या विहारात एक भंतेजी वर्षावासाला होते. सकाळ-संध्याकाळ ते विहाराच्या अंगणात खाली नजर लावून सावकाश इकडून तिकडे चालायचे. सदाशिवराव कुंपणापाशी गाडी थांबवून रोज विचारायचे, "कुठी चालले भंतेजी? सोडून देऊ का?" शेवटी भंतेजींनी सांगितलं, हे चंक्रमण आहे, चालण्यातली साधना, यात कुठं पोचायचं नसतं. सदाशिवरावांवर त्याचा फार परिणाम झाला. तेव्हापासून विहारासमोरून जाताना ते गाडी बंद करून ढकलत नेतात. चालणाऱ्याला न उचलता सोडून दिल्याचा त्यांच्या आयुष्यातला तो एकच दाखला.

मी काही भंतेजी नव्हते.

"गाडी बिघडली का सूनबाई?"

"नाही काका. फिरायला निघाले."

"फिरायले कुठी?"

"असंच."

"असंच तं असंच. बसा, असंचपर्यंत सोडून देतो."

मोठ्या माणसाचा शब्द मोडवेना. बसले. त्यांनी मला चौकापर्यंत नेलं, तिथं काही काम नाही असं कळल्यावर घरी आणून सोडलं, आणि आईंना सांगितलं की काळजी नका करू, आपल्या गाडीवर फिरून आली. दुसऱ्या दिवशी मी नम्रपणे नकार दिला. मग ते पहिल्या गिअरमध्ये माझ्या शेजारून चालू लागले. एक पाय जमिनीवर, गाडी गुरगुरत. मागून येणाऱ्यांना वाटलं काही झालंय, म्हणून तेही हळू झाले. माझ्यामागं लग्नाच्या वरातीएवढी रांग लागली होती आणि मी नवरदेवाचा चेहरा करून चालले होते. आठवड्याच्या शेवटी सदाशिवरावांच्या गाडीची क्लच प्लेट गेली. ती संघदीपनं बदलून दिली. चालत होते मी, झिजली त्यांची क्लच प्लेट, आणि साखर कुणाची उतरली असेल याची मला शंकाच होती.

मग मला युक्ती सुचली. लोकांना ठिकाण हवं असतं, तर ठिकाण द्यावं. दारव्हा रस्त्याला, गाव संपतं तिथं जिनिंगचा वजनकाटा आहे. तिथवर जायचं आणि परतायचं. कुणी विचारलं की सांगायचं, काट्यावर चालले.

तो रस्ता मला फार आवडला. कापसाचे दिवस होते. भरलेल्या ट्रॉल्या जायच्या आणि मागं हवेत पांढरं काहीतरी तरंगत राहायचं. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस लागलेला असायचा, विजेच्या तारांवर अडकलेला असायचा. उतरत्या उन्हात तो खाली येतोय की वर जातोय हे कळायचं नाही. मी एखाद्या तंतूवर नजर ठेवून चालायची. तो पडायचा नाही. आतला जीवही तेव्हा अगदी शांत असायचा, जणू दोघंही एकाच गोष्टीकडं बघतोय. नाव पायल असलेल्या बाईला पाय आहेत हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा जाणवलं.

पण "काट्यावर चालले" या वाक्याचा आर्णीत एकच अर्थ होतो. माणूस काट्यावर जातो तो वजन करायला. काट्याच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना वाटलं, बाई रोज येते आणि संकोचून परत जाते. एके दिवशी त्यांनी मला आग्रहानं त्या लोखंडी फळीवर उभं केलं, जिथं ट्रॅक्टर उभे राहतात. आकडा आला साठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. आकडा आला सत्तर.

आता, त्या काट्याचं लघुतम माप दहा किलो आहे. त्यापेक्षा लहान फरक त्याला दिसतच नाही. मी साठ आणि सत्तरच्या मधल्या कुंपणावर उभी होते आणि पाण्याच्या बाटलीनं पलीकडं पडले. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. पण ते कापसाचे जाणकार होते, आणि कापूस एका रात्रीत एवढा ओलावा धरू शकतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. गावात बातमी गेली की कौसल्याबाईंच्या सुनेचं वजन एका दिवसात दहा किलोनं वाढलं. विमलताईंनी जुळ्याचा अंदाज बांधला. आई दोन दिवस जरा ताठ बसत होत्या. शेवटी स्वयंपाक त्यांचा होता.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि ती येण्यासाठी एम.एस्सी. लागत नाही. दारव्हा रस्ता दारव्ह्याला जातो. दारव्हा माझं माहेर.

आर्णी-दारव्हा जीप चालवणारा घनश्याम आमच्या माहेरच्या गल्लीतला. त्याला रोज संध्याकाळी दिसत होतं ते असं: गरोदर बाई, एकटी, हातात कापडी पिशवी, माहेरच्या रस्त्यानं, पायी. पिशवीत पाण्याची बाटली आणि शाल होती, पण पिशवी काही पारदर्शक नव्हती. तो जीप थांबवायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "बस ताई. कोणाले काही सांगत नाई मी." आतले सगळे माझ्याकडं बघायचे. एका बाईंनी तर डोळ्याला पदर लावला. मी म्हणायची, "नाही दादा, मी काट्यापर्यंतच जाते."

हे वाक्य दारव्ह्याला असं पोचलं: पोरगी रोज घरून निघते, काट्यापर्यंत येते, हिंमत होत नाही, वापस जाते. त्याच जीपनं माझं वजनही गेलं. वाटेत कुठंतरी 'वाढलं'चं 'उतरलं' झालं.

तपासणीच्या आदल्या दिवशी, मी जेवून पिशवी घेऊन निघतच होते, तर दारात घनश्यामची जीप थांबली आणि माझे आई-बाबा उतरले. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मग पिशवीकडं पाहिलं.

मंडळी बैठकीत बसली. चहा झाला. मूळ विषय कुणी काढेना. माझी आई माझं मनगट हातात धरून बसली होती, त्यावरचं मांस मोजत. घनश्यामही निघेना, तो चपलांपाशी उभा होता. संघदीप सगळ्यांना बिस्किटं देत होता. त्याला वाटत होतं, पाहुणे आलेत. शेवटी बाबा म्हणाले, "पोरीले घेऊन जातो म्हटलं काही दिवस. हवापालट."

"हवा आमच्या इकडं बी हाये," कौसल्याबाई म्हणाल्या.

"नाई, तसं नाई. तिथं आराम भेटन तिले. पलंगावरून खाली पाय ठेवू देत नाई आम्ही."

मला सुई दिसली. अगदी स्पष्ट, टोकावर थेंब असलेली. माहेरी मला खरोखरच कुणी उठू दिलं नसतं. माझ्या आईच्या प्रेमात शेवया, शिरा आणि उशी एवढंच येतं. मी घाईघाईनं सांगायला लागले की चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून मी फिरते, उद्या तपासणी आहे, हे सगळं मॅडमनी सांगितलंय, सासरी कुणीच मला त्रास देत नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"शिकलेली हायेस माय," ते म्हणाले. "म्हणून सांभाळून घेऊन राह्यली सासरच्यायले."

मला आईंकडं बघवेना. लोकांच्या वावरातलं उन्ह अंगावर घेऊन ज्यांनी घर उभं केलं, त्यांच्याच बैठकीत, त्यांच्याच कपातून चहा पिऊन, त्या सुनेला छळतात असं ठरत होतं. आणि त्याचं कारण मी होते, माझे पाय होते. त्या उठल्या. चहाचे कप घेऊन आत जातील असं वाटलं. पण त्यांनी पदर कमरेला खोचला, दारातल्या चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चाल."

"कुठं?" मी विचारलं. हो, मीच.

त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या पायऱ्या उतरून चालू लागल्या, म्हणून मी गेले. आम्ही कुठं चाललोय हे न कळल्यानं माझे आई-बाबा मागं आले. बिस्किटांची बशी हातात तशीच घेऊन संघदीप आला. भिंतीपलीकडून विमलताई निघाल्या. सगळ्यांच्या मागं घनश्यामची जीप, रिकामी, पहिल्या गिअरमध्ये. आणि कोपऱ्यावर, नव्या क्लच प्लेटसह, सदाशिवराव.

"कुठी चालल्या वहिनी?"

आई थांबल्या नाहीत. ज्यांनी गेली कित्येक वर्षं बिनकामाचं एक पाऊल टाकलं नव्हतं, त्या मान ताठ ठेवून म्हणाल्या, "चंक्रमण करून राह्यलो."

सदाशिवरावांनी गाडी बंद केली. मग खाली उतरले. मग हात जोडले. मागं वळून त्यांनी घनश्यामलाही इंजिन बंद करायची खूण केली, आणि संध्याकाळचा तो रस्ता इतका शांत झाला की आमच्या चपलांचा आवाज ऐकू येऊ लागला.

मला गप्प बसवेना. मी हळूच म्हणाले, "आई, चंक्रमण म्हणजे प्रत्येक पावलाचं भान ठेवून चालायचं असतं."

"मले हाये भान," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "कोण कोण पाहून राह्यलं, सगळ्याचं भान हाये. गुपचूप चाल."

आम्ही काट्यापर्यंत गेलो. वरून कापूस तरंगत येत होता. एक तंतू आईंच्या पदराला लागला आणि त्यांनी तो झटकला नाही. बाबांनी काटेवाल्यांना विचारून माझं वजन करवलं, सत्तर पाहिलं, स्वतः उभे राहिले, तेही सत्तर निघाले, आणि त्यांच्या जिवाचा भार कमी झाला. परतताना दोन्ही आया पुढं होत्या आणि गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. त्याच जीपनं आई-बाबा दारव्ह्याला गेले. मला न घेता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "उतरली आहे. सुईची गरज नाही. चालू ठेवा." मला वाटलं, मराठीत याहून नेमकं वाक्य नाही. मी आईंनाही रक्त तपासून घ्या म्हटलं. त्यांनी साफ नाही सांगितलं. माझा अंदाज असा की साखर उतरलेली निघेल याची त्यांना भीती होती.

चालणं मात्र त्यांना सोडता येईना. "एकदा गावाले सांगितलं, आता करावंच लागन," असं त्या रोज म्हणायच्या, आणि रोज माझ्याआधी चपला घालायच्या. नियमही त्यांनीच केले: बोलायचं नाही, फोन न्यायचा नाही. विमलताई कधी यायच्या, कधी नाही. कुणी गाडी थांबवेना, कुणी कुठी चालल्या विचारेना. आम्ही दिसलो की लोक हॉर्नवरचा हात काढायचे. इतका मान मला विद्यापीठातही मिळाला नव्हता. आठवा महिना असा गेला, जसा तो कापूस जायचा, खाली-वर काही न कळता.

कापसाचा हंगाम सरला, नववा महिना भरत आला. एका संध्याकाळी काट्याची खिडकी बंद होती, संघदीप कामासाठी यवतमाळला गेलेला, विमलताई घरी. बाभळीवर उरलेला एक पांढरा पुंजका बघत मी उभी होते आणि कमरेतून एक कळ आली, सावकाश, लांबून येणाऱ्या हाकेसारखी. थोड्या वेळानं दुसरी. मी आईंकडं पाहिलं. त्यांनी मौन सोडलं.

"किती येळची येऊन राह्यली?"

"आत्ताच. पण नियमित आहे."

"तुयं नियमित राहू दे. चाल गावाकडं, हळू."

समोरून सदाशिवराव आले. मी हात हलवला. त्यांनी दुरूनच इंजिन बंद केलं आणि उतारावरून बिनआवाज येऊ लागले. मी दोन्ही हात हलवले. त्यांनी मान लववली. आई ओरडल्या, "अहो सदाशिवराव," तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं, साधनेत बोलू नये म्हणून, आणि समाधानानं उतार उतरून निघून गेले. मागून एक ट्रॅक्टर आला, तो आम्हाला धूळ लागू नये म्हणून वावरातून गेला. दोन पोरींची स्कूटर आली, त्या "जय भीम मावशी" म्हणून अदबीनं पुढं गेल्या. मी हसायला लागले, मग कळ आली, मग परत हसायला लागले. मला वाटलं, आपण असंच चालत राहणार, आणि हे मूल इथंच, या शांत, आदरशील रस्त्यावर जन्माला येणार, आणि लोक हात जोडून बाजूनं जाणार.

मग घनश्यामची जीप दिसली, दारव्ह्याकडून येणारी, गच्च भरलेली. तिचा वेग आमच्या मानासाठी आधीच कमी झाला होता. आईंनी पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. जीप थांबली.

घनश्यामनं खिडकीतून डोकं काढलं. "आई, चंक्रमण मोडन ना."

"मोडू दे."

तो गोंधळला. मग सवयीनं, माझ्याकडं बघून, त्यानं विचारलं, "कुठी चालल्या?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल. आणि पहिल्यांदाच माझ्याकडं खरं उत्तर होतं.

"दवाखान्यात," मी म्हणाले.

मागच्या सीटवरून एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली आणि मला विचारलं, "मंग पायी पायी काहून चालली माय? बस ना."